अर्धा कोयता, पुरं नाव

गणपती उठले की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या फेऱ्या सुरू होतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, सगळीकडे चित्र तेच. ओसरीवर घोंगडी अंथरली जाते, चहा होतो, आकडा ठरतो, नोटा मोजल्या जातात आणि घरातला पुरुष कागदावर सही करतो. बाई तेव्हा चुलीपाशी असते. दिवाळीनंतर तीच बाई कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या नाहीतर बेळगावकडच्या एखाद्या फडात पहाटे चारला उभी असते. ऊसतोडीच्या हिशोबात ती आणि तिचा नवरा मिळून 'एक कोयता'. नवरा मेला, पळाला, आजारी पडला, तर मागं उरते ती 'अर्धा कोयता'. बाईला अर्ध्यात मोजणारं हे माप कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाही, तरी गेली कित्येक वर्षं सगळा व्यवहार त्यावरच चालतो.

हा लेख तोडणीला जाणाऱ्या बाईपर्यंत थेट पोचेल, असा भ्रम मला नाही. तो तुमच्यासाठी आहे. तुम्ही तिच्या गावचे शिक्षक असाल, अंगणवाडीताई किंवा आशाताई असाल, बचत गटाच्या सचिव असाल, तिचा बारावी झालेला पुतण्या असाल, किंवा तिकडे पश्चिमेला ज्यांच्या रानात ती ऊस तोडते ते शेतकरी असाल. तुमच्यापैकी कुणीतरी तिच्याजवळ बसून चार गोष्टी करू शकतं. त्या चार गोष्टींच्या मुळाशी एकच काम आहे, तिचं आणि तिच्या लेकरांचं नाव कागदावर आणणं. कागदावर नाव नसलेल्या माणसाला मजुरी नसते, सुट्टी नसते, भरपाई नसते आणि शाळाही नसते.

उचलीचा कागद

सुरुवात उचलीपासून, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या रकमेपासूनच करा, कारण पुढची सगळी गाठ तिथेच बसते. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांच्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांच्या आसपास असलेला दर त्यामुळे ३६६ च्या घरात गेला. ऊस वाहण्याच्या पद्धतीप्रमाणे गाडी सेंटर, डोकी सेंटर, टायर गाडी यांचे दर वेगवेगळे असतात. तेव्हा तिच्या टोळीचा नेमका दर मुकादमाकडून वहीत लिहून घ्या, तोंडी आकड्यावर विसंबू नका.

मग तोडणीला जाणाऱ्या जोडप्यासमोर बसून गणित मांडा. समजा, उचल एक लाखाची आहे. एक लाखाला ३६६ ने भागलं की २७३ टन येतात. धडधाकट जोडपं चांगल्या फडात दिवसाला साधारण दोन टन तोडतं. म्हणजे उचल फेडायला १३६ दिवस लागले. पट्टा पडेपर्यंतचे, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचे बहुतेक दिवस त्यातच गेले. त्यात एक दिवस कामाला गेलं नाही तर 'खाडा' लागतो आणि अनेक टोळ्यांत खाड्यापोटी पाचशे रुपये कापतात. पाचशे रुपये म्हणजे सव्वा टनाहून जास्त ऊस. त्या दिवसाची मजुरी बुडते, वर दंड. हे आकडे पाटीवर लिहून दाखवले की बायका आधी हसतात, मग गप्प होतात. एका वस्तीवर असं गणित मांडलं, तेव्हा एक आजी म्हणाली, "आमी दरसाल जातो, पण जातो कशाला ते आज कळलं." तिचा तो सूर अजून कानात आहे.

कागदावर काय हवं? उचलीची रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दर, मुकादमाचं पूर्ण नाव व मोबाइल नंबर, कारखान्याचं नाव, आणि नवऱ्याच्या नावाखाली बायकोचंही नाव. तिचीही सही किंवा अंगठा हवा. को‍ऱ्या मुद्रांकावर सही करायची नाही, कोरा चेक द्यायचा नाही. हे सांगायला सोपं आहे. घरात आजारपण असतं, लेकीचं लग्न तोंडावर असतं, तेव्हा माणूस कशावरही सही करतो. म्हणून निदान त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि तो गावात राहणाऱ्या दोघांना पाठवा. फोन पाण्यात पडतो, हरवतो, गहाणही पडतो. गावातल्या माणसाकडचा फोटो मात्र राहतो.

शक्य असेल तिथे अर्धी उचल बाईच्या खात्यात मागा. मुकादम कुरकुर करतील, नवराही करेल. पण स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ पासून कायद्यात आहे आणि आता ते वेतन संहितेत सामावलं आहे. ऊस दोघं तोडतात. मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते ती बहुतेक वेळा बाईच. पैसा मात्र एका खिशात जातो. आजवर कित्येक घरांत बाईच्या हाती पडणारी एकुलती रोकड म्हणजे वाढे (उसाचे शेंडे) विकून आलेले पैसे. तेवढ्यावरच ती मीठ-मिरची आणि लेकराची गोळी-औषधं भागवते.

मुकादमाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. सगळे मुकादम राक्षस नसतात. बरेचसे कालपर्यंत स्वतः कोयता धरणारेच असतात आणि तेही कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल घेऊन बसलेले असतात. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन गायब झालेली जोडपीही मला माहीत आहेत. नीट लिहिलेला कागद त्यामुळे दोघांच्याही फायद्याचा असतो. मुकादमाशी बोलताना हीच बाजू पुढे करा, बोलणी लवकर रुळावर येतात.

निघण्याआधीची पिशवी

ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचं काम गावपातळीवर ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आहे. हे ओळखपत्र नवरा आणि बायको दोघांच्या नावाने वेगवेगळं काढा. नवऱ्याच्या ओळखपत्रावर 'व पत्नी' असं लिहून मोकळं होऊ देऊ नका. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजना, अपघात विमा, मुलांची वसतिगृहं, या सगळ्यांना पहिलं दार म्हणजे ही नोंद. महामंडळाला गाळप झालेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच शासनाकडून मिळावेत, असं ठरलेलं आहे. तो पैसा तुमच्या गावातल्या बाईच्या घामाचाच आहे, तेव्हा तो मागताना उपकार मागितल्यासारखा चेहरा करायचं कारण नाही. कोणती योजना सध्या चालू आहे आणि कागद कोणते लागतील, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. तोंडी उत्तर मिळालं तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

ई-श्रम कार्डही दोघांचं वेगळं काढा. रेशनकार्ड सोबत नेता येतं. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे सांगलीतल्या किंवा कर्नाटकातल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. घरी म्हातारी माणसं मागं राहणार असतील तर सगळं धान्य एकाच ठिकाणी उचलावं लागत नाही. काही गावातल्या दुकानातून आणि काही तिकडे, असं घेता येतं. त्याआधी घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी झाली आहे ना, एवढं बघा. गरोदर बाई असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड, लहान मूल असेल तर लसीकरणाच्या नोंदी सोबत असू द्या. हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत पाणी शिरतं, उंदीर कागद खातात.

लेकरं कुठे राहणार?

ऊसतोडीच्या घरात सगळ्यात अवघड प्रश्न हाच. सासू धडधाकट असेल तर लेकरं गावात राहतात. नसेल तर गाडीत बसतात. मोठी मुलगी बसतेच, कारण धाकट्याला कडेवर घ्यायला कुणीतरी लागतं. नऊ-दहा वर्षांची पोर पहाटे आईबरोबर उठते, भाकरी थापते, पाणी भरते, दिवसभर कोपीत भावाला सांभाळते, वाढे गोळा करते. हे सगळं बालमजुरीत येतं का, असं विचारलं तर लोक गोंधळतात. "ती काम कुठं करते? ती घर सांभाळते," असं उत्तर येतं.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट समजून घ्या. बालमजुरीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवणं तेव्हापासून गुन्हा झाला. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. यात एक पळवाट आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने घरच्या उद्योगात हातभार लावला तर चालतं. मुकादम आणि काही पालक याच वाक्याचा आधार घेतात. पण फड हा मजुराच्या घरचा उद्योग नव्हे. ऊस दुसऱ्याचा, कारखाना दुसऱ्याचा, मजुरी मुकादमाच्या हातून येणारी. शिवाय 'शाळा सुटल्यावर' म्हणायचं तर मुळात मूल शाळेत गेलेलं असलं पाहिजे.

तुम्ही शिक्षक असाल तर तुमचं काम ऑक्टोबरच्या आत संपलं पाहिजे. कुठलं कुटुंब जाणार, कोणतं मूल मागं राहू शकेल, याची घरोघर यादी करा. मराठवाड्यात स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवली जातात. मूल गावातच राहतं, त्याच्या जेवणाची सोय होते, शाळा चालू राहते. मागणी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत गेली तरच ती सुरू होतात. मागणीला उशीर झाला की निधी येईपर्यंत अर्धा वर्ग रिकामा झालेला असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मोठ्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे, तिचीही चौकशी करा.

मूल जाणारच असेल तर त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या आणि त्याच्या आईला ते कशासाठी आहे हे सांगा. तिकडच्या शाळेत दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारला, असं दरवर्षी कुणीतरी सांगतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे: दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश अडवता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं. तिकडच्या गुरुजींना भेटायला आईने एकटीने जाऊ नये, कोपीवरच्या चार बायकांनी मिळून जावं. चारजणी दारात उभ्या राहिल्या की खुर्चीतला माणूस उठून बोलतो.

धाकट्या भावाचा प्रश्न सुटल्याशिवाय मोठी मुलगी शाळेत जाणार नाही, हेही लक्षात घ्या. म्हणून तिकडच्या अंगणवाडीत धाकट्याचं नाव घालणं हे मोठीच्या शाळेइतकंच महत्त्वाचं. गरोदर आणि स्तनदा आईलाही त्या अंगणवाडीतून आहार मिळू शकतो, गाव परकं असलं तरी.

मुलीचं लग्न हा याच प्रश्नाचा पुढचा फाटा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला गावात एकटी ठेवायला जीव घाबरतो, फडावर न्यायला त्याहून घाबरतो आणि लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते. या हिशोबात आई-बाप वाईट नाहीत, ते घाबरलेले आहेत. त्यांना कायद्याची भीती घालण्याआधी वसतिगृहाचा प्रवेशअर्ज समोर ठेवा. ऐकलं नाहीच, तर गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामपंचायत अधिकारीच असतात, त्यांना लेखी कळवा किंवा १०९८ वर फोन करा. नाव गुप्त ठेवायला सांगता येतं.

बाईचं शरीर

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या बातम्या देशभर गेल्या. शासनाच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आकडे ऐकून सगळे हळहळले. पण त्या बायकांशी बोललं की वेगळंच कळतं. पाळी आली की खाडा, अंगावरून जायला लागलं की खाडा. आडोसा नाही, पाणी नाही, दिवसभर पाचटात वाकून काम. खाजगी डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. बाई विचार करते की दोन लेकरं झाली, आता ही पिशवी कशाला हवी. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल.

अशी बाई तुमच्या ओळखीत असेल तर एकच सांगा: दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्याशिवाय सही करू नको. पहिलं मत खाजगी दवाखान्यातलं असेल तर दुसरं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं घ्या. त्या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावलं गेलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला. डॉक्टरांना "परवानगीचा कागद कुठे आहे?" असं विचारण्याचा अधिकार बाईला आहे. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं याची कारणं पुष्कळदा जंतुसंसर्गात असतात आणि ती औषधांनी बरी होतात.

आशाताईंनी एक करावं. हंगामाआधी आणि हंगामानंतर बायकांची तपासणी करून घ्यावी आणि नोंद बाईच्या हातात द्यावी. नवव्या महिन्यात फडावर जाणारी बाई दिसली, तर भांडून का होईना, तिला थांबवावं. नाहीच थांबली तर तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर आणि १०८ तिच्या फोनमध्ये भरून द्यावेत. उचलीची बोलणी होतानाच एक वाक्य मुकादमाकडून कबूल करून घेता येतं: बाळंतपण, मोठं आजारपण आणि घरातला मृत्यू याला खाडा नाही. तोंडी नको, त्याच कागदावर.

छळाविषयी थोडक्यात. मुकादम, ड्रायव्हर, कारखान्याचा स्लिपबॉय, शेताचा मालक, कुणीही हात लावला, अश्लील बोलला, तर ती तक्रार २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करता येते. असंघटित बायकांसाठीच ती समिती असते. लिहिता येत नसेल तर लिहून देणं हे समितीचंच काम. बलात्कार किंवा मारहाण झाली तर जवळचं पोलीस ठाणं. हद्द आपली नाही म्हणून पोलिसांना तिला परत पाठवता येत नाही. १८१ हा महिलांचा, १०९८ हा मुलांचा नंबर. कोपीच्या दारावर कोळशाने लिहून ठेवले तरी चालतील.

अडकवून ठेवलं तर

उचल फिटली नाही म्हणून बायकोला, लेकरांना डांबून ठेवणं, पुढच्या हंगामाला जबरदस्तीने नेणं, मोबाइल काढून घेणं, हे सगळं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली येतं. हे शब्द अर्जात वापरायला शिका. 'मजुरी दिली नाही' असं लिहिलं की प्रकरण रेंगाळतं. 'उचलीच्या बदल्यात वेठबिगारीत ठेवलं आहे' असं लिहिलं की जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांना हालचाल करावी लागते. वेठबिगार ठरलेल्या माणसाचं ते कर्ज कायद्याने संपतं. सुटका झालेल्यांसाठी केंद्राची पुनर्वसन मदत आहे, आणि त्यात स्त्रियांना व मुलांना पुरुषांपेक्षा जास्त रक्कम मिळते. वकील लागला तर स्त्रियांना, मग त्यांचं उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, त्यामुळे अधिकाऱ्यांचे कानही थोडे टवकारलेले आहेत. त्याचा फायदा घ्या.

शेतकऱ्यांसाठी

आता तिकडच्या शेतकऱ्यांना चार शब्द. तुमचा ऊस वेळेत जावा म्हणून तुम्ही टोळीच्या मागे लागता, क्वचित खुशालीही देता. त्याच वेळी एवढं करा. विहिरीच्या मोटारीचं पाणी कोपीपर्यंत येऊ द्या. चार पत्रे उभे करून बायकांना न्हाणी आणि आडोसा करून द्या. तुमच्या रानात दहा वर्षांचं पोर मोळी उचलताना दिसलं तर ते 'त्यांचं पोर आहे' म्हणून मान वळवू नका, फड तुमचा आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना एक फोन करा, की आमच्या रानात एवढ्या कोप्या पडल्यात आणि एवढी लेकरं आहेत. हा फोन कुठल्याही योजनेहून लवकर लागू पडतो.

पट्टा पडताना

बाईला दोनशे पानी वही द्या. तिला लिहिता येत नसेल तर तिची शाळेत जाणारी मुलगी लिहील. रोजची तारीख, फडाच्या मालकाचं नाव, खेपा, आणि वजनकाट्याच्या पावतीवरचं टनेज. पावतीचा फोटो काढा, कारण मूळ पावती बहुधा मुकादमाकडेच राहते. खाडे वेगळ्या पानावर, कारणासकट. मधे-मधे मुकादमाने किराण्याला, दवाखान्याला दिलेले पैसेही लिहा. लपवाछपवी केली तर शेवटी तिच्याच वहीवरचा विश्वास जातो.

होळीच्या आगेमागे पट्टा पडतो आणि हिशोबाला सगळे बसतात. हिशोब पुरुषांच्या घोळक्यात, रात्री, कुणी ना कुणी पिऊन आलेला असताना करू नका. सकाळी करा. बाई नवऱ्याशेजारी बसेल, वही तिच्या मांडीवर असेल. उचल फिटली असेल तर 'पूर्ण फेड झाली' असं मुकादमाच्या हस्ताक्षरात, दोघांच्या नावे, तारखेसह घ्या आणि सही केलेला जुना कागद परत मागा. फिटली नसेल तर उरलेली नेमकी रक्कम लिहून घ्या, तिच्यावर व्याज आहे की नाही तेही. आणि दोन हजार असोत की वीस हजार, हाती येणाऱ्या पैशातला अर्धा वाटा तिच्या नावावरच्या खात्यात, तिथल्या तिथे, फोनवरून टाकायला लावा. बँकेचा मेसेज आला की मग गाडीत सामान चढवा.